उचकीचं गाणं

एप्रिल लागला की आमच्या जळगावात दोनच गोष्टी तापतात, घरावरचे पत्रे आणि लग्नघरातली माणसं. परवा भरदुपारी खिडकीखालून एक वरात गेली. पुढे ट्रकभर भोंगे, मागे घोड्यावर नवरदेव, आणि मधे शेदीडशे माणसं, उन्हात भाजून निघालेली, तरी नाचतच होती. काचा हादरल्या. फडताळातल्या लोणच्याच्या बरण्या एकमेकींवर आपटायला लागल्या. सूनबाई म्हणाली, "आई, खिडकी लावा ना, डोकं फुटायची वेळ आली." मी म्हटलं, "थांब गं जरा, ऐकू दे." पन्नाशीला आलेली सासू असल्या धिंगाण्यात काय ऐकते, हे काही तिला कळेना.

मी ऐकत होते ते एवढंच, की हे लोक कुठे चुकतात का. नाही चुकले. ते यंत्र, ते कशाला चुकेल? आणि खरं सांगते, मला वाईट वाटलं. एवढा मोठा आवाज आणि त्यात एक चूक नाही!

कारण मी चुकीच्या वाजवण्यावर अख्खा खानदेश नाचवलेली बाई आहे. होय, मीच. आता सांगायला कशाची लाज?

मी अमळनेरच्या एका बँडमास्तरची मुलगी. बँडचं नाव सांगत नाही, चुलतभाऊ अजून चालवतो आणि त्याला ते आवडायचं नाही. वडील कॉर्नेट वाजवायचे, म्हणजे ट्रम्पेटचं धाकटं पितळी भावंड. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं, म्हणून मीही नानाच म्हणायचे. वाजवणारे बारा जण. आमच्या अंगणात दोरीवर बारा लाल कोट वाळत असायचे, सोनेरी झालरीचे, काखेत विटलेले. पितळी वाद्यं घासायची म्हणजे चिंच आणि राख. माझी आणि मायची बोटं त्या दिवसांत कायम आंबट. संध्याकाळी तेलगिरणीकडून वारा आला की सगळ्या गल्लीला सरकीच्या तेलाचा वास यायचा आणि त्यात नानांच्या कॉर्नेटचे सूर. दुसऱ्यांच्या घरात पोरं अंगाईवर झोपतात, मी मिरवणुकीच्या चालीवर झोपले आहे. घरात आम्ही अहिराणीच बोलायचो. इथे बरंचसं सरळ मराठीत सांगते, नाहीतर तुम्ही अर्थ विचारत बसाल.

नव्वदच्या दशकाच्या मधली ती लग्नसराई. माझी एफ. वाय.ची परीक्षा नुकतीच संपली होती, पेपर बरे गेले होते, आणि कॉलेज उघडायला अजून दोन महिने होते. त्या सुमारास सुरतेहून माझा आतेभाऊ आला. आमच्याकडे मुंबईपेक्षा सुरत जवळची. कापड असो, नोकरी असो की फॅशन, आधी सुरतेहून यायची. त्याने येताना एक कॅसेट आणली. कव्हरवर केस फुगवलेली गोरी बाई आणि तिच्यामागे रंगीत रेघोट्या. म्हणाला, "मामा, सुरतेत सगळ्या लग्नांमध्ये हेच चालू आहे. रिमिक्स."

नानांनी टेपमध्ये कॅसेट टाकली. आम्ही सगळे ओट्यावर बसलो होतो. इंग्रजी गाणी, दहा-बारा वर्षांपूर्वीची, तिकडे कधीची गाजून शिळी झालेली. रॉक म्हणतात ती, पॉप म्हणतात ती. त्यांना खालून ढोलासारखा ठेका लावलेला, एक गाणं संपायच्या आत दुसरं घुसवलेलं, मधेच गाणाऱ्याचा एकच शब्द चार-चार वेळा तोडून उडवलेला. भिकाकाका, म्हणजे नानांचा धाकटा भाऊ, आमचा ढोलवाला, तो ऐकून म्हणाला, "नाना, हा बुवा तोतरा शे का?"

नाना हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटून पूर्ण बाजू ऐकली आणि म्हणाले, "जुन्या पातळाला नवी किनार लावली आहे. पातळ चांगलं होतं."

आणि मग आम्हा सगळ्यांना एकदमच पटलं की यात नवीन काही नाहीच! आमच्या बँडने जन्मभर दुसरं काय केलं होतं? कुठलंही रडकं गाणं घ्यायचं, त्याच्या पाठीवर ढोल चढवायचा, आणि नवरदेवापुढे नाचवायचं. भजन असो, सिनेमातलं असो, शाळेतली प्रार्थना असो. शोकाच्या गाण्यावर वऱ्हाडी रुमाल उडवून नाचलेले मी लहानपणापासून बघितले आहेत. रिमिक्स आम्ही आधीच केलं होतं, फक्त त्याला नाव लावायचं आमच्या डोक्यात आलं नाही. हे मी आजही कुणापुढेही छातीठोक सांगेन.

पण एक अडचण होती. त्या गाण्यांमध्ये मधेमधे जो लकाकणारा, पाण्यावर खडा टाकल्यासारखा सूर होता, तो ना कॉर्नेटमधून निघे ना क्लॅरिनेटमधून. त्यासाठी नानांनी एक की-बोर्ड आणला, जुनाच, धुळ्याहून. बँडचे लोक त्याला लाईटची पेटी म्हणायचे. आणून ठेवली खरी, पण वाजवणार कोण? बाराही जण फुंकणारे नाहीतर बडवणारे. बोटांचं काम कुणाला येत नव्हतं. मला येत होतं. नानांनीच मला लहानपणी हार्मोनियम शिकवली होती, पोरगी आरतीला वाजवेल म्हणून. मी दोन दिवसांत कॅसेटवरून सगळ्या गाण्यांची सरगम वहीत उतरवली, इतिहासाच्या वहीच्या मागच्या पानांवर. इंग्रजी शब्द कळत नव्हते, म्हणून गाण्यांना नंबर दिले. पहिला नंबर, दुसरा नंबर.

तिसरा नंबर सगळ्यांत भारी. त्यात मध्यावर एक गंमत होती. सूर वर चढत चढत जायचा, आता पूर्ण होणार म्हणेपर्यंत मधेच आवंढा गिळल्यासारखा अडकायचा आणि दीड मात्रा खाऊन थेट मुखड्यावर पडायचा. अगदी उचकी लागल्यासारखा. मी टेप मागे-पुढे करून पंचवीस वेळा ऐकलं आणि ती उचकी मोजून वहीत लिहिली. बाराही जणांकडून घोटून घेतली. भिकाकाकाला ती काही केल्या जमेना. तो चिडायचा, "हाई गानं नही, हाई उचकी शे!" तेव्हापासून त्या गाण्याचं नाव तेच पडलं.

तालीम झाली, सगळं जमलं, आणि मग मूळ प्रश्न उभा राहिला. पेटी शैलालाच येते, म्हणजे मलाच. शैला वरातीत कशी जाणार?

मायने स्वयंपाकघरातूनच सांगितलं, "बारा माणसांमधी एकली पोर? लोक काय म्हनतीन? उद्या कोण करीन तिला?" मायला वाईट म्हणू नका. बँडवाल्याच्या घरात मुलगी देताना लोक चारदा विचार करायचे आणि घेताना आठदा. लग्न ज्यांच्यावाचून लागत नाही त्यांनाच मांडवाबाहेर जेवायला बसवायचे दिवस होते ते. मायने ते आयुष्यभर पाहिलं होतं. मी मात्र हट्टाला पेटले. मला वाजवायचं होतं. ओट्यावर नाही, देवापुढे नाही. रस्त्यावर, जिथे माणसं माझ्या बोटांबरोबर पाय उचलतील तिथे. माझ्यात दुसरं काही एवढं जोरात मागणारं नव्हतं. नाना दोघींच्या मधे बसून कॉर्नेटच्या कळांना तेल घालत राहिले. आमच्याकडे मोठे निर्णय असेच व्हायचे, कुणीतरी काहीतरी पुसत असताना.

शेवटी मायनेच तोड काढली. बँडच्या हातगाडीवर, जिथे भोंगे आणि जनरेटर असायचे, तिथे मागच्या बाजूला पेटी ठेवायची आणि चारी बाजूंनी पडदा लावायचा. जुनी फुलाफुलांची चादर. आत शैला. "झाकली मूठ सव्वा लाखाची," माय म्हणाली. कुणी विचारलंच तर काय सांगायचं, ते भिकाकाकाने स्वतःहून अंगावर घेतलं. खोटं बोलायला त्याला नाहीतरी निमित्तच लागायचं.

तर अशी मी चादरीआड बसून निघाले. काय सांगू तुम्हाला त्या चादरीतला उन्हाळा! बाहेर खानदेशातला वैशाख, आत जनरेटरचा धूर, खाली तापलेला पत्रा. ओढणीच्या गाठीत कांदा बांधलेला, ऊन बाधू नये म्हणून. बाटलीतलं पन्हं दहा मिनिटांत चहासारखं गरम. पेटीच्या पट्ट्या अशा तापायच्या की पहिल्या गाण्याला बोटं टेकवत नसत. मग रावेरकडच्या एका लग्नात कुणीतरी केळीचं ओलं पान दिलं, ते मी दोन गाण्यांच्या मधे पट्ट्यांवर पसरून ठेवायचे. तेव्हापासून दर लग्नात पान. चादरीच्या फुलांतून ऊन गाळून यायचं आणि माझ्या हातांवर लाल-हिरवं पडायचं. बाहेरचं काही दिसायचं नाही, फक्त खालच्या फटीतून पाय. नाचणारे पाय. चपला, बूट, अनवाणी, एखादा प्लास्टर घातलेलासुद्धा. मी त्या उन्हाळ्यात खानदेशचे चेहरे पाहिले नाहीत, पण पाय ओळखून होते. कुठल्या ठेक्यावर ते पेटतात आणि कुठे कंटाळतात, ते मला फटीतून कळायचं आणि मी तसं बदलायचे.

आणि ती उचकी! पहिल्याच लग्नात, धुळ्याला, मी ती घेतली आणि फटीतून पाहिलं तर सगळे पाय गायब. क्षणभर एकही पाय जमिनीवर नाही. अहो, सगळी वरात हवेत! त्या दीड मात्रेत पाऊल टाकायला जागाच नव्हती, म्हणून सगळ्यांनी उडी मारली होती, आणि मुखड्याबरोबर धप्पकन खाली. नंतर एवढा मोठा आरडाओरडा झाला की तेच गाणं पुन्हा तीनदा वाजवावं लागलं. महिन्याभरात अशी वेळ आली की धुळ्याला, चोपड्याला, पारोळ्याला आम्ही नुसते उतरलो की पोरं म्हणायची, "उचकी लावा, उचकी!" नवरदेव घोड्यावरून मान हलवायचे. एकदा तर घोड्यानेच उडी मारली. नवरदेव वाचला, फेटा नाही वाचला.

लोक विचारायचेच. "भाऊ, आत कोण मास्टर आहे?" भिकाकाका ढोलाच्या दोऱ्या आवळत गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "मालेगावचा माणूस आहे. फार मोठा कलाकार, पण लाजाळू. पडदा काढला की हात थरथरतात त्याचे." लोक हळहळायचे. कुणी त्या मालेगावच्या मास्टरसाठी चादरीच्या वरून विड्या टाकायचे, कुणी पान. मी आत बसून हसायचे. आधी खरंच हसू यायचं. पंधराएक लग्नं झाल्यावर यायचं कमी झालं. बाहेर कुणीतरी ओरडायचं, "वा मास्टर!" आणि मला वाटायचं, हो म्हणावं. एकदाच, मोठ्याने. नाना दोन हात अंतरावर कॉर्नेट घेऊन उभे असायचे, त्यांना ते ऐकू यायचं. ते काही बोलायचे नाहीत. त्याचा मला राग यायचा. मायचा नाही यायचा, नानांचा यायचा.

रावेरच्या त्या लग्नातली गोष्ट सांगायलाच हवी. केळीवाल्यांचं मोठं घर, वरात लांबलचक, आणि नाचायला बाया उतरलेल्या. तोवर आमच्याकडे बाया वरातीच्या मागे चालायच्या, डोक्यावर पदर आणि हातात रुखवत. त्याच एक-दोन वर्षांत त्या हळूहळू पुढे यायला लागल्या होत्या. तर मी ऐन दुसऱ्या नंबरात असताना चादर वर झाली आणि एक बाई, कडेवर रडणारं तान्हं घेऊन, आत शिरली. तिला बिचारीला बाळाला पाजायला आडोसा हवा होता. मला बघून तिचं तोंड उघडंच राहिलं. "अगं बाई! तू? तो मालेगावचा कुठे आहे?"

"नाहीच कुणी मालेगावचा," मी म्हटलं. हात थांबवता येत नव्हते. "बसा ताई, पाजा."

ती जनरेटरकडे पाठ करून बसली. बाळ प्यायला लागलं. मी वाजवत होते. तिने माझ्या बोटांकडे बघून विचारलं, "हे सगळं तूच? ते उचकीचंसुद्धा?" मी मान हलवली. ती एवढी हसली की बाळाला ठसका लागला. जाताना म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही हं, तुझ्या गळ्याची शपथ."

आता बाईने असं म्हटल्यावर काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. अर्ध्या तासात त्या वरातीतल्या एकूण एक बाईला कळलं. पुरुषांतल्या एकालाही नाही. चादरीखालून एक ताट आत आलं, तुपात बुडवलेल्या बट्ट्या, वरण, वांग्याची भाजी आणि वर ओला टॉवेल. मग बायांचं नाचणं गाडीपाशी आलं. फटीतून दिसणारे पाय बदलले, जोडवी आणि पैंजणं आली. उचकीच्या जागेला त्या उडी मारायच्या आणि खाली येताना गाडीच्या पत्र्यावर थाप मारायच्या, मला कळावं म्हणून. ती बातमी माहेरवाशिणींबरोबर गावोगाव गेली. पुढे पुढे तर मी पोचायच्या आधीच माझं ताट वाढलेलं असायचं. नाना चकित व्हायचे, "बाया फार पुढे यायला लागल्या रे हल्ली." भिकाकाका म्हणायचा, "जमाना बदलला, नाना."

मग मेमध्ये, धुळ्याला, माझ्यावर आभाळ कोसळलं. एका लग्नाहून परतताना बाजारात टेम्पो थांबला होता. समोर कॅसेटचं दुकान. तिथे तीच कॅसेट लागली होती, तोच तिसरा नंबर. मी टेम्पोच्या फळीवर बसून ऐकत होते, बोटं आपोआप मांडीवर चालत होती. सूर वर चढला, चढला, आणि सरळ, गुळगुळीत, पूर्ण होऊन मुखड्यावर आला. उचकी नाहीच! मी उतरून दुकानात गेले, पुन्हा लावायला सांगितलं. नाहीच. घरी आल्या आल्या आमची कॅसेट काढली, पेन्सिल घालून फिरवत फिरवत पाहिली, तर त्या जागी चिकटपट्टीचा एवढासा तुकडा. आतेभावाच्या टेपने फीत खाल्ली होती, कुणीतरी कापून जोडली होती. दीड मात्रा त्या कात्रीत गेल्या होत्या. आणि मी, एफ. वाय.ची हुशार मुलगी, त्या चिकटपट्टीची सरगम लिहून बारा माणसांना शिकवली होती! रिमिक्सच ते, जिथेतिथे तोडलेलं. त्यात खरं तुटलेलं कुठलं हे कुणाला कळणार होतं?

मी रडत नानांना सांगितलं. वाटलं, आता संपलं. ज्या कारणाने मला गाडीवर बसवलं, तेच चुकीचं निघालं. नाना म्हणाले, "बरं. मग सरळ वाजवू."

पुढच्या लग्नात, चोपड्याला, आम्ही अगदी बरोबर वाजवलं. जन्मात प्रथमच, मूळ गाण्याबरहुकूम. ती जागा आली, सगळी वरात हवेत उडाली, आणि खाली आली तेव्हा गाणं भलतीकडेच होतं. एक जण दुसऱ्यावर आदळला, दुसरा तिसऱ्यावर, नवरदेवाच्या काकांचा चष्मा पायाखाली गेला. आणि वर तेच ओरडतात, "ओ बँडवाले! चुकले तुम्ही! नीट वाजवा!" नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणायची सोय नव्हती, कारण नाचायला त्यांना आम्हीच शिकवलं होतं. नानांनी कॉर्नेट खाली घेतला आणि चादरीजवळ येऊन म्हणाले, "शैले, तुनी उचकी लाव माय. बठ्ठा गाव तिठेच उडी मारस. आते तेच खरं शे." सगळा गाव जिथे उडी मारतो, आता तेच खरं.

जळगावच्या दोन बँडांनी एव्हाना ती आमच्याकडून उचलली होती. पाहता पाहता उचकी सगळीकडे झाली. पुष्कळ वर्षांनी मुलाने मला त्याच्या फोनवर ते मूळ गाणं ऐकवलं, रिमिक्सच्याही आधीचं, त्या पातळाला किनार लागायच्या आधीचं. संथ, गंभीर, चांगलं होतं. पण मला सारखं वाटत राहिलं की यांना उडी मारायला कुणी सांगितलं कसं नाही. अळणी वरणासारखं लागलं मला ते.

आणि मेच्या अखेरीस पाहुणे आले.

मुलगा साक्रीकडे तलाठी. शिकलेला, निर्व्यसनी, आणि बँडवाल्याच्या घरी मुलगी बघायला स्वतःहून तयार. मायने रात्री दिवा लावून देवाला साखर ठेवली होती. सकाळी आठलाच ते पाच जण आले, कारण दुपारी आम्हाला पिंपळनेरला गोरज मुहूर्ताचं लग्न वाजवायला जायचं होतं. मी पोह्यांच्या ताटल्या घेऊन गेले, खाली मान घालून बसले. नाव विचारलं, शिक्षण विचारलं. मुलाचे वडील समाधानाने मान हलवत होते. मायने दाराआडून माझ्याकडे पाहिलं, त्या नजरेत एवढी आशा होती की मलाच भरून आलं. सगळं जमत आलं होतं.

तेवढ्यात मुलाचे मामा बोलले. मोठ्या आवाजाचा, मोकळा माणूस. "नाना, एक सांगू? आम्ही रावेरच्या लग्नात तुमच्या बँडवर नाचलो आहोत. काय ते उचकीचं गाणं! मी या वयात तीन फूट उडी मारली. आता हे जमलं तर आमच्या लग्नात तोच मास्टर पाहिजे, तो पडद्यातला. कुठला तो? नाव काय त्याचं?"

नवरीच वाजवायला बसली तर बोहल्यावर कोण उभं राहणार, असं एक वेडं काहीतरी माझ्या मनात आलं आणि हसू दाबताना घाम फुटला. भिकाकाका सवयीने पुढे सरसावला. "अहो, तो मालेगावचा, फार लाजाळू..."

"नही," नाना म्हणाले.

मी मान वर केली. नाना मामांकडे बघत होते. त्यांना शहरी मराठी चांगली यायची, पाहुण्यांशी तोवर तीच बोलत होते. पण आता ते घरातलंच बोलले.

"मालेगावना कोणी नही. मनी पोर वाजाडस." माझी पोर वाजवते, असं सरळ.

मामा आधी हसले. थट्टा वाटली त्यांना. मग नानांचा चेहरा पाहून थांबले. मुलाच्या वडिलांनी ताटली खाली ठेवली. "म्हणजे... रस्त्यावर? वरातीत?"

"हो," नाना म्हणाले. "चाळीस लग्नं वाजवली तिने. माझ्या बँडमध्ये तिच्याइतका चांगला दुसरा कुणी नाही. मीसुद्धा नाही."

मी तुम्हाला सांगते, त्यानंतर आयुष्यात माझं कौतुक झालं नाही असं नाही. पण त्या सकाळी माझ्या छातीत जे झालं, ते पुन्हा नाही झालं.

पाहुणे पाणी पिऊन उठले. "कळवतो," म्हणाले. आमच्याकडे कळवतो म्हणजे काय, ते न कळवताच कळतं. तलाठी मात्र दारातून जाताना माझ्या हातांकडे बघून गेला. चपलांचे आवाज गल्लीच्या टोकाला गेले. भिकाकाका ढोल उचलून बाहेर पडला. नाना ओट्यावर जाऊन बुटांच्या नाड्या बांधायला लागले. मी पाच ताटल्यांच्या मधे तशीच बसून राहिले. माय स्वयंपाकघरातून मागे गेली. मग न्हाणीतून बादलीचा आणि पाण्याचा आवाज आला, बराच वेळ आला. मला वाटलं, रडते आहे आणि तोंड धुते आहे.

ती आली. पदराला हात पुसले. डोळे लाल होतेच. तिने मुलाच्या वडिलांनी न खाल्लेली ताटली उचलून माझ्यापुढे सरकवली.

"खाई ले," ती म्हणाली. "पिंपळनेर दूर शे. उपाशी वाजाडशी का?"

मी खाली बघत विचारलं, "माय, चादर कुठे आहे? गाडीला लावायची."

"धुवायला टाकली," माय म्हणाली. "ओली आहे. आज काही वाळायची नाही ती."

मे महिना, अमळनेर, सकाळचे दहा. आमच्याकडे कपडा पिळून दोरीवर टाकेपर्यंत वाळतो. मी सगळे पोहे संपवले आणि टेम्पोत जाऊन बसले.